गाभण उंदरांवरील धातूंच्या चाचण्यांचा अर्थ कसा लावावा?

गाभण उंदराला कॅडमियमचे संयुग दिल्यावर गर्भ दगावले किंवा पिल्लांत व्यंगे दिसली, तर तो धातू गर्भापर्यंत पोहोचला असे समजायचे का, असा तुमचा प्रश्न आहे. तसे गृहीत धरता येत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा कॅडमियमच देते.

उंदराचे गर्भारपण सुमारे २२ दिवसांचे असते. त्याच्या शेवटच्या टप्प्यात मादीला कॅडमियमचा क्षार टोचला, की तिच्या वारेतला, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवातला, रक्तप्रवाह मंदावतो, वारेच्या पेशी मरतात आणि गर्भ दगावतात. मात्र त्या गर्भांत कॅडमियम अगदी थोडे सापडते, कारण बहुतेक धातू वारेतच अडकून राहतो. संशोधकांनी पुढे जाऊन कॅडमियम थेट गर्भात टोचले, तेव्हा गर्भातले त्याचे प्रमाण अधिक असूनही त्यांतले बहुतेक जगले. या विषयातला हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घाव वारेवर बसतो हे त्याने दाखवून दिले.

दिवस बदलला की परिणामही बदलतो. हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याला गर्भारपणाच्या आठव्या दिवशी, म्हणजे अवयव घडू लागण्याच्या सुमारास, कॅडमियम दिले तर ओठ आणि टाळू दुभंगलेली पिल्ले आढळतात. त्याच वेळी जस्त दिले तर ही व्यंगे बरीचशी टळतात.

धातू कोणत्या रूपात दिला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाऱ्याचे साधे क्षार बऱ्याच अंशी वारेत अडतात, तर मिथिल पारा (पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग) ती सहज ओलांडून गर्भाच्या मेंदूत साठतो. जपानमधील मिनामाता येथे, जिथे १९५६ साली या विषबाधेची अधिकृत नोंद झाली, फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटीही मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. प्राण्यांतही दिसायला धडधाकट पिल्लांची शिकण्याची क्षमता घटलेली आढळते, आणि प्रसूतीआधीच गर्भ काढून केवळ सांगाडा व अवयव पाहणाऱ्या चाचणीत ही हानी दिसूच शकत नाही.

म्हणून अहवाल वाचताना संयुग, दिवस आणि मात्रा यांच्याबरोबर ते अन्नातून दिले की टोचले, हेही पाहावे. मादीचे वजन घटले होते का, हे तर मी सर्वांत आधी पाहतो, कारण आईच आजारी असेल तर गर्भाची वाढ त्यामुळेही खुंटते. आकडेमोड पिल्लागणिक केली आहे की मादीगणिक, हेही तपासा; एकाच मादीची दहा पिल्ले हे दहा स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत.