छोट्या साप्ताहिकाच्या प्रकाशकाचा सत्कार करताना मानपत्रात काय लिहावे?

आपण लिहिता की आपल्या तालुक्यातील मराठी साप्ताहिकाच्या प्रकाशकांचा तेथील रोटरी क्लब सत्कार करणार आहे आणि मानपत्राचा मसुदा आपल्याकडे सोपवला आहे. संपादकाचा किंवा वार्ताहराचा गौरव समजू शकतो. पण ज्याने बातमी लिहिलेलीच नाही त्या प्रकाशकाविषयी काय लिहायचे, हा आपला प्रश्न आहे. गोव्यातील अशाच एका साप्ताहिकाचे मुद्रितशोधन मी बरीच वर्षे केले आणि सेवाभावी क्लबांसाठी मानपत्रेही लिहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण आधी त्या साप्ताहिकाचे शेवटचे पान काढून त्याच्या तळाशी पाहावे. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता देणारी बारीक टाइपातील ओळ तेथे असते, आणि वाचक ती कधी वाचत नाहीत. 1867 च्या कायद्याने ती ओळ बंधनकारक केली होती. त्या कायद्याची जागा आता 2023 च्या कायद्याने घेतली असली, तरी अंकात छापलेल्या मजकुराला प्रकाशक जबाबदार धरला जातो ही गोष्ट बदललेली नाही. उद्या कोणी बदनामीची फिर्याद केली, तर बातमी लिहिणाऱ्या पोरासोबत, कित्येकदा त्याच्याही आधी, प्रकाशकाच्या नावाने समन्स निघते. गोव्यात 1962 साली ‘गोमन्तक’ निघाला तो चौगुले उद्योगसमूहाच्या बळावर आणि 1970 साली ‘नवप्रभा’ निघाला तो धेंपो समूहाच्या बळावर. तालुक्याच्या साप्ताहिकामागे असा समूह नसतो. असते ते प्रकाशकाचे घर आणि त्याचे बँकेतील खाते. मानपत्राची सुरुवात या जबाबदारीपासून करावी, असे माझे मत आहे.

त्यानंतर त्यांच्या कामाकडे वळावे. आमचे प्रकाशक भाऊ कागदाचा भाव आणि छापखान्याचे बिल सांभाळत, वर्गणीदारांचे पत्ते स्वतः तपासत, आणि जाहिरातींची थकलेली बिले वसूल करण्यासाठी दुकानोदुकानी जात. जत्रा, चतुर्थी आणि दिवाळी या दिवसांत येणाऱ्या जाहिरातींवरच वर्षाचा बराचसा खर्च निघे, पावसाळ्यात मात्र अंक पदरमोड करून काढावा लागे. पाने लागून झाल्यावर रात्री उशिरा एखादे कुटुंब गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येई, तेव्हा भाऊ लागलेले पान पुन्हा उघडायला सांगत आणि मृताचे नाव, गाव व तिथी कुटुंबाकडून दोनदा वाचून घेत, कारण निधनाच्या बातमीतील चूक ते घर जन्मभर विसरत नाही. रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी छापल्यावर एका ठेकेदाराने वर्षभराची जाहिरात काढून घेतली, तेव्हा त्यांनी संपादकांना एवढेच सांगितले की पुढच्या अंकात त्या रस्त्याचा फोटोही यावा. माझ्या मते प्रकाशकाची खरी कसोटी हीच आहे. आपल्या प्रकाशकांचा असा एखादा प्रसंग शोधून त्यावर तीन-चार वाक्ये अवश्य लिहावीत. ‘पत्रकारितेतील दीपस्तंभ’ यांसारखी विशेषणे मग लागणारही नाहीत.

इतिहासाचा संदर्भ हवा असेल, तर तो गोव्यातच आहे. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर येथे मराठी नियतकालिकांना वाव मिळाला, आणि 1912 साली गो. पु. हेगडे देसाई यांनी केप्यासारख्या लहान गावातून ‘भारत’ हे पत्र सुरू केले. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मजकूर छापण्यापूर्वी तपासून घेण्याची सक्ती आली आणि ती 1961 पर्यंत राहिली. लहान गावातून पत्र चालवणारा आजचा माणूस या परंपरेत बसतो, एवढा उल्लेख पुरेसा आहे. लांबण लावू नये.

क्लबाच्या बाजूनेही एका गोष्टीचा विचार व्हावा. रोटरीची चतुःसूत्री कसोटी विचारते की हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, आणि हे सर्वांच्या हिताचे आहे का. वृत्तपत्राला पहिले, दुसरे आणि चौथे सूत्र मानवते. तिसरे मात्र दर आठवड्याला अडचणीत आणते, कारण खऱ्या बातमीने कोणीतरी दुखावतोच आणि लहान गावात तो दुखावलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात समोर भेटतो. त्यातून क्लबाचे सदस्य म्हणजे बहुधा गावातलेच व्यापारी, डॉक्टर आणि बांधकाम व्यावसायिक, म्हणजे जाहिरातदारही तेच आणि कधीकधी बातमीचा विषयही तेच. म्हणून ‘आमच्या उपक्रमांना सतत प्रसिद्धी दिल्याबद्दल’ हे वाक्य मानपत्रात कृपा करून घालू नये. त्या वाक्याने सत्कार परतफेडीचा ठरतो आणि पुढच्या बातमीवर त्याचे ओझे येते.

हा गौरव व्यवसाय सेवेच्या, म्हणजे आपल्या व्यवसायातील चांगल्या कामाबद्दलच्या, पुरस्काराचा आहे की प्रकाशकांना ‘पॉल हॅरिस फेलो’ करायचे आहे, हेही क्लबाच्या सचिवांना विचारून घ्यावे. दुसरा सन्मान रोटरी फाउंडेशनला एखाद्याच्या नावे एक हजार डॉलर दिल्यावर मिळतो, त्यामुळे त्याचा मजकूर वेगळा लिहावा लागेल.

सत्काराची बातमी त्यांच्याच अंकात आतल्या पानावर, इतर कार्यक्रमांना मिळते तेवढ्याच जागेत यावी. अभिनंदनाच्या जाहिरातींना माझा विरोध नाही, मात्र त्या दराप्रमाणे पैसे भरून आणि जाहिरात म्हणूनच छापल्या जाव्यात. शाल-श्रीफळाच्या जोडीला क्लबाने तालुक्यातील शाळांच्या वाचनालयांसाठी या साप्ताहिकाची वार्षिक वर्गणी सवलत न मागता भरावी आणि पावती त्याच कार्यक्रमात घ्यावी, ही सूचना आपण क्लबापुढे जरूर मांडावी.