घरी न कळता लोन ॲपच्या कर्जातून बाहेर कसं पडायचं?

तुम्ही लिहिलंय की सात लोन ॲपचे मिळून नव्वद हजार झालेत, एकाचं भरायला दुसऱ्याचं घेताय, आणि बायकोला, वडिलांना कळता कामा नये. बाकी सगळ्याला मार्ग आहे. 'कळता कामा नये' याला नाही. याच हट्टापायी माझे चार महिने गेले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या, म्हणून लांबलचक लिहितोय.

२०२१ची गोष्ट. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पुण्यात आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अर्धा पगार चालू होता. जूनमध्ये खोलीभाडं थकलं म्हणून पहिलं लोन उचललं. मंजूर ५,०००, खात्यात आले ३,२५०, आणि सातव्या दिवशी भरायचे पूर्ण ५,०००. मधले १,७५० म्हणे प्रोसेसिंग फी. हातात पडलेल्या पैशावर एका आठवड्याला जवळजवळ ५४ टक्के. वर्षाला नाही, आठवड्याला. गावातला सावकार महिन्याला दहा टक्के लावतो तर आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो.

सातव्या दिवशी माझ्याकडे पाच हजार नव्हतेच. ॲपमध्ये मुदतवाढीचं बटण होतं: १,७५० भरा, तारीख सात दिवस पुढे. मुद्दल जागच्या जागी. चार वेळा ते बटण दाबलं. ७,००० भरून झाले आणि देणं होतं तेवढंच, ५,०००. त्यामुळे कुणी 'उधळपट्टी केली असशील' म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. ते पैसे मी कशावरही उडवले नव्हते, ते त्या बटणात गेले.

तोवर एकाचं भरायला दुसऱ्या ॲपचं घेणं माझंही सुरू झालं होतं. ऑगस्टमध्ये दादाला सांगितलं. दादा वाईट नाही, पण त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाबांना बीपी आहे, त्यांच्या कानावर जाता कामा नये. मी देतो, गपचूप मिटव." त्यानं वीस हजार दिले. जो जास्त शिव्या देत होता त्याला आधी, मग त्याच्या खालच्याला, असं करत चार दिवसांत ते संपले. कुणाला किती द्यायचे हे ठरवायला समोर कागद नव्हता, कारण कागद घरात सापडला असता. सप्टेंबरअखेर माझ्या फोनमध्ये नऊ ॲप होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वसुलीवाल्यानं 'बाबा' या नावानं सेव्ह असलेला नंबर फिरवला. "तुमचा मुलगा चोर आहे," आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर माझ्या आधार कार्डाचा फोटो, त्यावर लाल अक्षरात तेच. मला बाबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "साताऱ्याची मिळेल ती गाडी पकड. आणि फोन बंद ठेवू नकोस, आई घाबरते."

बाबा एसटीत कंडक्टर होते. वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, आणि रोकड जुळल्याशिवाय डेपोतून पाय न काढणारा माणूस. 'का घेतलेस' हे त्यांनी विचारलंच नाही. आईच्या शिलाईच्या वहीतलं कोरं पान घेतलं, तिचीच पट्टी घेऊन चार रकाने आखले: नाव, हातात आले, आतापर्यंत भरले, अजून मागतात. मी बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेज वाचत गेलो, ते पेन्सिलीनं लिहीत गेले. मध्येच आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. हातात आले होते ४८,०००. भरून झाले होते ६७,०००. अजून मागत होते ७१,०००. बाबा म्हणाले, "बेरीज परत कर." केली. तीच आली.

मग त्यांनी नऊ नावांचे दोन ढीग केले. तिघांच्या करारात एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कर्ज कंपनीचं, नाव-पत्ता होता. उरलेल्या सहांचा ठावठिकाणाच नव्हता, पैसे दर वेळी नव्याच माणसाच्या यूपीआय आयडीवर मागायचे. बाबा म्हणाले, "ज्यानं नाव सांगून पैसे दिले त्याचे द्यायचे. ज्याला नावच नाही, त्यानं पोलिसांसमोर येऊन मागावेत." त्या दिवसापासून सहा जणांना एक रुपया दिला नाही. सकाळी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो, स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडून अर्ज दिला. आणि फोनमधल्या सगळ्यांना मीच मेसेज टाकला: माझ्या नावानं फोन, फोटो आले तर ते खंडणीचे आहेत, पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करा. त्यानंतर फोटो फिरले, पंधरा दिवस फिरले. पण मावशीला आधीच सगळं माहीत असेल तर तिला फोन करून ते मिळवणार काय? हळूहळू फोन थांबले.

तीन एनबीएफसींना ईमेल केले, एकरकमी किती घेऊन खातं बंद करता ते लेखी मागितलं. त्यासाठी आईच्या पाटल्या सहकारी बँकेत ठेवल्या. १४ महिन्यांनी सोडवल्या.

दादा अजून म्हणतो, "बघ, बाबांना सांगितलंस म्हणून आईचं सोनं गहाण पडलं." मी म्हणतो, जूनमध्ये सांगितलं असतं तर देणं होतं ५,००० आणि पाटल्या कपाटातून निघाल्याच नसत्या. बाबांचं बीपी? वसुलीवाल्याच्या तोंडून ऐकताना जे झालं असेल ते झालं, माझ्या तोंडून ऐकताना त्याहून जास्त झालं नसतं. दादानं लपवून दिलेले वीस हजार चार दिवस पुरले, बाबांचा एक कागद शेवटपर्यंत पुरला. तो मानत नाही. न मानो.

आता तुमचं. आज रात्री बायकोला सांगा आणि तिच्यासोबत बसून तो चार रकान्यांचा कागद करा. मुदतवाढ एकही भरू नका. आठवं लोन घेऊ नका. 'तुमचं कर्ज सेटल करून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. सोनं असेल तर सोनेतारण, ऑफिसची पतसंस्था असेल तर तिचं कर्ज, त्याचं व्याज वर्षाचं असतं, आठवड्याचं नसतं.

माझ्या वेळी नव्हते ते नियम आता आहेत, ते वापरा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२मध्ये आणलेल्या नियमांनुसार कर्जाचे पैसे थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात जायला हवी. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो ॲपला घेता येत नाहीत. सगळी फी धरून वार्षिक दर आधी लेखी सांगावा लागतो. वसुलीचा फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर चालत नाही, नातेवाइकांना त्रास देणं तर अजिबात नाही. संस्था नोंदणीकृत असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, पैसे पडत नाहीत. जुलै २०२५पासून नोंदणीकृत संस्थांच्या लोन ॲपची यादीही रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. यादीत नसलेल्यांची तक्रार करायला रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल, आणि धमक्या, फोटो सुरू झाले तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा १९३० हा हेल्पलाइन नंबर.

एक राहिलं. वर 'एक रुपया दिला नाही' लिहिलंय ते बेनामी सहांबद्दल. नोंदणीकृत संस्थेचं कर्ज बुडवा असं यूट्यूबवर सांगतात, ते ऐकू नका. ऑटो-डेबिट बँकेतून बंद करता येतं, पण त्यानं कर्ज मिटत नाही, आणि डेबिट बाउन्स झालं तर चेक बाउन्ससारखाच खटला होऊ शकतो. कमी पैशात तडजोड केलीत तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' शेरा पडतो, पुढं घराचं कर्ज काढताना तो आडवा येतो. पैसे भरण्याआधी लेखी पत्र घ्या, भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, घ्या.

आणि रात्री झोप लागत नसेल, मनात भलतंसलतं येत असेल, तर १४४१६ला फोन करा, ती टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. मी त्या सप्टेंबरमध्ये लकडी पुलावर दोनदा गाडी थांबवली होती. हे दादाला माहीत नाही. बाबांना त्याच रात्री सांगितलं, तो कागद लिहून झाल्यावर. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सकाळपर्यंत माझ्या शेजारी झोपले.