वाचक विचारतात : बादलीचा वास, कढईतलं तेल आणि गच्चीवरचं ऊन

या वेळी ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी घर, दुकान आणि सोसायटी या तिन्हींना उपयोगी पडतील अशी निवडली आहेत. बहुतेकांचा प्रश्न ‘काय विकत घेऊ?’ असा होता. उत्तरं मात्र बऱ्याचदा ‘आधी मोजा’ इथेच येऊन थांबली.

प्रश्न : ऐरोलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. २० लिटरच्या बादलीला भोकं पाडून बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करतो. मे महिन्यापर्यंत छान चाललं होतं. पाऊस लागल्यापासून आंबूस वास, तळाला काळं पाणी आणि अळ्या. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्यात. बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. बादली बिघडलेली नाही, फक्त भिजली आहे. भाजीच्या देठा-सालींत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं. उन्हाळ्यात ते उडून जातं. जुलैच्या दमट हवेत उडायला जागाच नसते. कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरल्या की हवा आत जात नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात. आंबूस वास त्यांचाच. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर कारण वेगळं : सुका माल कमी पडला आहे.

आजच सगळं जुन्या गोणपाटावर उपसून काढा. जितका ओला माल दिसतो तितकाच, आकारमानाने, कोरडा पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. कोकोपीटची वीट कुंडीसाठी भिजवतात तशी इथे भिजवायची नाही, कोरडीच फोडून चुरायची. निम्म्या बादल्या इथेच फसतात. मग मूठभर मिश्रण घेऊन घट्ट आवळा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर आणखी सुकं घाला, काहीच न येता भुगा झाला तर पाण्याचा हबका मारा.

बादली पुन्हा भरताना तळाला नारळाच्या शेंड्यांचा दोन इंचांचा थर द्या. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताटली, म्हणजे तळाच्या भोकांतून पाणी निघून जाईल. बाजूंना बोटभर अंतरावर ६ ते ८ मिलिमीटरची भोकं हवीत. त्यांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा. पावसाची झड येत असेल तर बादली आत ओढा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, हवा कोंडते.

रोजचं प्रमाण : उन्हाळ्यात दोन भाग ओल्याला एक भाग सुका, पावसाळ्यात एकास एक. साली इंचभर चिरून, चाळणीत निथळून टाका आणि वर सुक्याचा थर विसरू नका. चिलटं त्यानेच थांबतात. दर तिसऱ्या दिवशी तळापासून हलवा. उरलेली आमटी, तेलकट भाजी घालू नका. मासळीची डोकी आणि कोलंबीची सालंही बाल्कनीतल्या बादलीत नकोत. ती पालिकेच्या ओल्या कचऱ्यातच जाऊ द्या.

जाड, चपट्या, मळकट पांढऱ्या अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या कचरा फस्त करतात, चावत नाहीत, आणि ही माशी घरमाशीसारखी जेवणावर घोंघावत नाही. सुका माल वाढला की त्या कमी होतात. चुना मारायचा सल्ला मिळाला असेल तर तो बाजूला ठेवा : चुन्याने नत्र अमोनिया होऊन उडतो, वास वाढतो आणि खताचा कस जातो. आंबट ताकही पावसाळ्यात नको, पाणी वाढेल. विरजण हवंच असेल तर तयार खत मूठभर घाला. तळाचं घाण वासाचं पाणी झाडांना घालू नका.

दोन बादल्या ठेवा. एक भरली की झाकून ३० ते ४५ दिवस मुरू द्या आणि दुसरी सुरू करा. कोकोपीट सावकाश कुजतं, म्हणून तयार खतात तपकिरी तंतू दिसतील. चाळून ते पुढच्या बादलीत वापरा. पैसे वाचवायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांचा आणि बदामाचा पाला दोन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळा निघतो.

प्रश्न : नौपाड्यात वडापाव-भजीचं दुकान आहे. पार्सलला ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेल्या पिशव्या घेतो. विकणारा म्हणतो, कायद्याला चालतात. शिवाय रोजच्या कढईतलं उरलेलं तेल काय करायचं? एक जण डबे विकत मागतो आहे.

उत्तर : पिशव्यांवरचा तो शब्द कोणीही छापू शकतं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या यादीत प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्मही आहे. विकणाऱ्याकडे मागायचं ते ‘कंपोस्टेबल’ मालाचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक हवा. ‘देतो उद्या’ म्हणाला तर माल परत करा. आणि खरी कंपोस्टेबल पिशवीसुद्धा मोठ्या खत प्रकल्पातल्या ५०-६० अंशांच्या उष्णतेत कुजते. गटारात किंवा खाडीत ती तशीच पडून राहते.

वडापावला पिशवी लागतेच कशाला? कोरा, न छापलेला कागद पुरतो. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्न सुरक्षा नियमांची मनाई आहे, शाईमुळे. लसणाची सुकी चटणी कागदाच्या पुडीत, ओली चटणी गिऱ्हाइकाच्या डब्यात. डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावा; रोजची गिऱ्हाइकं महिन्याभरात डबा घेऊन येऊ लागतात. मिसळ देत असाल तर उसाच्या चिपाडाचे वाडगे चालतात, पण गरम तेलकट रस्सा त्यात फार वेळ राहिला की बूड मऊ पडतं. म्हणून रस्सा शेवटी ओता. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो खतात जात नाही. काचेचा ग्लास आणि धुवायला एक माणूस, हाच हिशेब शेवटी स्वस्त पडतो.

आता तेल. तळणीच्या तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला लागत असेल तर नोंदवही ठेवणंही बंधनकारक. मोजायचं यंत्र नसलं तरी कढई सांगते : फेस बसत नाही, नेहमीच्या आचेवर धूर येतो, झाऱ्यावरून तेल चिकट ओघळतं. यातलं एक जरी दिसलं तरी तेल बदला.

लवकर का बिघडतं? बहुतेकदा बेसनाच्या जळक्या कणांमुळे. ते तळाला बसून कोळसा होतात आणि प्रत्येक घाण्यात तेल आणखी बिघडवतात. दर तासाला झाऱ्याने कण काढा आणि दुकान बंद करताना तेल कोमट असताना मलमलीतून गाळा. मीठ आधीच तेलावर पडू देऊ नका. आच १८० अंशांच्या वर नको, आणि गिऱ्हाईक नसताना मोठ्या आचेवर कढई तापत ठेवू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल लवकर खवट होतं. स्टेनलेस स्टील बरं. जुन्या तेलात नवीन ओतून भागवलं की नवीनही लगेच जुन्याच्या वळणावर जातं.

डबे मागणारा माणूस कोण, हे आधी विचारा. बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत संस्था पैसे देऊन, पावती देऊन नेतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ ही योजना त्यासाठीच आहे. पावती न देता जास्त भाव देणाऱ्याला विकलेलं तेल पुन्हा कुठल्या तरी कढईत जायची शक्यता मोठी. डब्यात पाणी जाऊ देऊ नका, भाव पडतो. मोरीत तर ओतूच नका : थंड झालं की साबणाच्या पाण्याबरोबर पांढरा थर धरतं आणि चोकअपचं बिल तुमच्याच दुकानावर येतं.

प्रश्न : घोडबंदर रोडवर आमची ७ मजली सोसायटी आहे. सामाईक वीज महिन्याला साधारण ३,००० युनिट जाते. गच्चीवर सौर पॅनेल लावावेत का? एक कंत्राटदार ५० किलोवॅट सुचवतो.

उत्तर : लावा, पण ५० नको. १ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट मिळतात. तुमची गरज वर्षाला ३६,०००, म्हणजे २६-२७ किलोवॅट. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात, पण वर्षअखेरीस उरलेल्यांना मिळणारा दर अगदी कमी असतो. जास्त क्षमता विकणं कंत्राटदाराच्या फायद्याचं, तुमच्या नव्हे.

त्याही आधी पाण्याचा पंप पाहा. फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या तळाची झडप) गळत असेल, टाकी वाहत असेल, तर पंप रोज तासभर फुकट चालतो. जिन्यातल्या ट्यूब बदलून एलईडी आणि हालचाल टिपणारे सेन्सर लावा. तीन महिन्यांची बिलं पुन्हा बघा आणि मग क्षमता ठरवा. २० किलोवॅटवरही भागेल कदाचित.

‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेल भारतीय सेलचे हवेत, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. सावली डिसेंबरात तपासा : सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा लिफ्टच्या खोलीची आणि टाकीची सावली सर्वांत लांब पडते. सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये जिथे सावली येते तिथे पॅनेल नको.

स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की सातव्या मजल्याचं भांडण आयुष्यभर पुरतं. काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, मात्र वाऱ्याचा आणि स्लॅबवरच्या भाराचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घेऊन मागा. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, हवं. खाडीच्या हवेत नुसता रंग टिकत नाही, आणि जागेवर कापलेल्या टोकांवर झिंक लावलं नाही तर गंज तिथूनच चढतो.

सभासदांना दोन गोष्टी आधीच सांगा. महावितरणची वीज गेली की हे पॅनेलही बंद पडतात, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर स्वतःहून लाइनपासून वेगळा होतो. लिफ्टसाठी जनरेटर लागणारच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं. कोरड्या महिन्यांत दर १०-१५ दिवसांनी पॅनेल धुवा, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बोअरवेलचं जड पाणी वापरलंत तर पांढरे डाग राहतात.

प्रश्न : नेरुळला राहते. आरओ मशिनमधून रोज बादलीभर पाणी वाया जातं. त्याचं काय करू?

उत्तर : मशिनच लागतं का, ते आधी बघू. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येतं, आणि धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. काही शे रुपयांत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मिळतो. नळाच्या पाण्याचा आकडा बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतची मर्यादा आहे; तुमचा आकडा १००-१५० च्या आसपास असेल तर आरओ क्षार काढायचं गरज नसलेलं काम करतो आहे. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) पुरेसं आहे, त्यात पाणी वाया जात नाही. मीटर जंतू दाखवत नाही, म्हणून इमारतीची टाकी सहा महिन्यांनी धुतली जाते का हेही विचारा. यूव्हीचा दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो. जळत दिसला तरी त्याचा जोर उतरलेला असतो.

इमारतीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर गणित बदलतं, आरओ ठेवा. वाया जाणारं पाणी वापरायला हरकत नाही : आत ८० टीडीएस असेल आणि एक लिटरमागे तीन लिटर बाहेर पडत असेल, तर त्या पाण्याचा आकडा १०५ च्या आसपासच येतो. लादी, संडास, झाडं, सगळ्याला चालेल. आत ६०० असेल तर मात्र ते झाडांना घालू नका.

प्रश्न : घरातले सगळे पंखे बीएलडीसी करावेत का? (कोपरखैरणे)

उत्तर : सगळे नको. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा) २८ ते ३०. रोज १५ तास फिरणाऱ्या पंख्यावर महिन्याला २० युनिटं वाचतात. तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणून पाहा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काही हाती लागत नाही. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढायला लावा, तो राहिला की पंख्याचं सर्किट जळतं आणि वॉरंटीवर वाद होतो.

प्रश्न : जुने सीएफएल दिवे कुठे टाकायचे? एक फुटला आहे. (कळवा)

उत्तर : त्यात थोडा पारा असतो. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून बाहेर ठेवा. बरणी आणि न फुटलेले दिवे ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेत तर ते निवडणाऱ्या बाईच्या हातात फुटतील.