आधी उलटी बाजू बघ

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून तू थायलंडला निघालीस आणि त्यातले चार दिवस चियांग माईला ठेवलेस, हे वाचून फार बरं वाटलं. ‘तिकडे सांगतील त्याच्या निम्म्याच्याही खाली मागायचं’ असं आईनं बजावलंय म्हणतेस. तुळशीबागेत वाढलेल्या मुलीला घासाघीस शिकवायला नको. पण कुठे करायची आणि कुठे थांबायचं, हे मला तिथे एक चूक करून कळलं. ते तुला जाण्याआधीच कळावं, म्हणून हे पत्र.

जुनं चियांग माई १२९६ मध्ये वसलेलं, चौकोनी आणि चहूबाजूंनी खंदक असलेलं. पूर्वेच्या था फे दरवाजातून आत जाणारा राचदम्नोन रस्ता रविवारी दुपारनंतर वाहनांना बंद होतो आणि सगळा बाजार होऊन जातो. विहारांच्या आवारांत खाण्याच्या गाड्या लागतात. साडेचार-पाचलाच जा. सातनंतर इतकी गर्दी होते, की कापड हातात घेऊन नीट बघायलाही मिळत नाही.

लवकर जाण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या मंडईत सकाळची भवानी झाली की भाजीवाली नोट कपाळाला लावते ना? तिथेही पहिल्या विक्रीला तसंच महत्त्व. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट विक्रेती मांडलेल्या मालावर हलकेच टेकवत जाते, बाकीचाही खपावा म्हणून. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा परक्या देशात आहोत असं वाटेनाच. अशा वेळी विक्रेती थोडं कमी करायला तयार असते. पण घ्यायचं नसेल तर नुकत्याच मांडल्या जाणाऱ्या पथारीवर उगाच भाव करत बसू नकोस. भवानीच्या वेळी गिऱ्हाईक परत गेलं की आपल्याकडे कसं वाटतं, ते तुला माहीत आहे.

बरोबर सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागतं आणि अख्खा बाजार जागच्या जागी थांबतो. हातातली वस्तू हातातच ठेवून तूही उभी राहा. नाणं किंवा नोट खाली पडून घरंगळली तर पायाने अडवू नकोस. तिच्यावर राजाचं चित्र असतं आणि पाय लावणं हा तिथे मोठा अपमान आहे.

आता खरेदी. शाळेत मी तुमचे भरतकामाचे रुमाल आधी उलटे करून बघायची, आठवतं? तिथेही तेच कर. डोंगरातल्या ह्मोंग बायका मेणाने नक्षी काढून कापड निळीत बुडवतात. मेण कापडात मुरतं, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी दिसते. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. भरतकामाचंही तसंच. मशीनचं असेल तर मागे सगळीकडे एकाच रंगाचा, बहुधा पांढरा दोरा दिसेल. हातचं असेल तर मागे रंगीत दोरे एका फुलीवरून दुसरीवर गेलेले दिसतील, मधूनच एखादी गाठही सापडेल.

मी चुकले ती इथेच. फुलीच्या टाक्यांची एक पिशवी मला आवडली. बाईंनी ३५० बाट सांगितले, मी २००ला मागितली. त्या हसल्या, गणकयंत्रावर ३०० आकडा करून दाखवला. मी मान हलवली, आवाज जरा चढवला. त्या गप्प झाल्या. मी दोन पावलं पुढे गेले तेव्हा त्यांनी हाक मारून २५०ला दिली. खोलीवर येऊन पिशवी उलटी केली. सगळं हातचं काम. ३० वर्षं हेच शिकवलेल्या मला एका वितीत किती टाके बसतात आणि त्याला किती संध्याकाळी लागतात हे कळत होतं, आणि तरी मी विकत घेताना ती उलटी केली नव्हती. पुढच्या रविवारी मी तिथे नव्हते. ते १०० बाट मला अजून टोचतात.

म्हणून भाव करायचा तो हत्तीच्या चित्रांच्या पँटा, टीशर्ट, चुंबकं यांचा. एकसारखा माल दहा ठिकाणी असतो, तेव्हा आधी तीन-चार ठिकाणी नुसता भाव विचार. दोन-तीन नग एकत्र घे आणि मग कमी करायला सांग. रविवारच्या बाजारात मुळात भाव फार चढवलेले नसतात. दहा-पंधरा टक्के सुटले तरी पुष्कळ. चांग ख्लान रस्त्यावरचा रोजचा नाइट बाजार वेगळा, तिथे पर्यटक बघून आकडे सांगतात. आईचा सल्ला तिथे थोडाफार लागू पडेल. खाण्याच्या गाडीवर मात्र भाव करायचाच नाही.

एक गोष्ट काटेकोरपणे पाळ. आपण आकडा सांगितला आणि समोरच्याने मान्य केला, की वस्तू घ्यायचीच. मनात नसेल तर आकडा तोंडातून काढू नकोस, नुसतं हसून पुढे जा.

बोलायला चार शब्द पुरतात. ‘सवात्दी खा’ म्हणजे नमस्कार. यातला सवात्दी आपल्या ‘स्वस्ति’वरूनच आलाय आणि खा हा बायकांच्या बोलण्यातला आदराचा शब्द. ‘थाओ राय खा’ म्हणजे केवढ्याला, ‘लोत दाय माय खा’ म्हणजे कमी होईल का. घेतल्यावर ‘खोप खुन खा’. २० आणि १००च्या नोटा वेगळ्या ठेव. १०००ची नोट पुढे करून २० बाट कमी करायला सांगणं बरं दिसत नाही.

बुद्धमूर्ती कितीही आवडली तरी घेऊ नकोस. देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते आणि तू चार दिवसांत ती खटपट कुठे करणार?

माझ्यासाठी काही आणू नकोस. फक्त हातचं एखादं भरतकाम सापडलं, तर त्या बाईंना विचारून उलट्या बाजूचा फोटो पाठव. दोरे दिसतील इतका जवळून काढ.

तुझ्या,
बाई