इंदुरात जुन्या तबकड्या शोधताना

‘रेकॉर्डचं दुकान’ अशी पाटी शोधत फिरू नका. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना, जेल रोडवर रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना विचारा; जुनी घरं रिकामी होतात तेव्हा माल अशाच हातांतून फिरतो.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी विनाइलची मोठी तबकडी, पाकिटातून काढून उजेडात तिरपी धरा. केसासारखे ओरखडे चालतील, पण नखाला लागणारा चरा सुई उडवतो. काळी चकाकी जाऊन खाचा करड्या दिसत असतील तर ती जड सुईने झिजलेली आहे, धुऊन काही फरक पडत नाही. मग डोळ्यांच्या रेषेत धरून वाक बघा. इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब यांची एलपी दिसली की हात शिवशिवतात, तरी कव्हर आणि लेबलवरचा नंबर जुळवाच. आत भलतीच तबकडी निघणं सर्रास होतं.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. एलपीची सुईही चालत नाही, खाच जवळपास तिप्पट रुंद असते.

सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर सोडा. खालचा ओरखडा पॉलिशने निघतो. लेबलच्या बाजूचा नाही, कारण चकाकता थर तिथेच, पातळ वार्निशखाली असतो.