ब्लॉकचेनवरची चुकीची नोंद आणि एक महिन्याची मुदत

प्रश्न : आमच्यासह पाच संस्था प्रमाणपत्र-पडताळणीची खासगी ब्लॉकचेन (नोंदींचे ब्लॉक साखळीसारखे जोडलेली सामायिक वही) चालवतात. जर्मनीतल्या एका अर्जदाराच्या पासपोर्ट क्रमांकापुढे 'बनावट असल्याचा संशय' असा चुकीचा शेरा पडला. ती नोंद काढा, असं त्याने कळवलं. ब्लॉकचेनवरचं काही पुसता येत नाही, असं उत्तर आम्ही दिलं. आता तो नियामकाकडे जाणार आहे. काय करावं?

उत्तर : हे उत्तर देऊन मग वकिलाकडे येणारे तुम्ही पहिले नाही. पाठवण्याआधी विचारायला हवं होतं. तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, हा बचाव चालत नाही. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने एप्रिल २०२५च्या मसुद्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे.

सगळं अडलंय ते जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, कलम १२(३)वर. विनंती मिळाल्यापासून एका महिन्यात केलेली कारवाई कळवायची. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने मिळतात, पण मुदत वाढवतोय हे कारणासकट त्याच पहिल्या महिन्यात कळवावं लागतं. आणि तुम्ही विनंतीची तारीखच लिहिलेली नाही! महिना उरला असेल तर आधीचं उत्तर मागे घेत असल्याचं पत्र आजच पाठवा. उलटला असेल तर वाद घालत बसू नका, आधी नोंद काढा.

काढता येते. नोंदीचा मजकूर पाचही नोडवरून (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकांवरून) आणि बॅकअपमधून पुसून फक्त तिचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) ठेवला, तर ब्लॉकचा मर्कल रूट (त्यातल्या सगळ्या हॅशवरून काढलेला एकच ठसा) तसाच जुळतो, साखळी शाबूत राहते. मात्र हॅश करताना सॉल्ट (मजकुरात मिसळायचा गुप्त, यादृच्छिक आकडा) मिसळला होता का, हे आजच तपासा. नसेल तर तो हॅशही धोक्याचा : पासपोर्ट क्रमांक मोजकेच असू शकतात, संगणक एकेक करून सगळे लावून पाहतो आणि मूळ क्रमांक हाती येतो. मग त्या ब्लॉकपासून पुढची साखळी सर्वांच्या लेखी संमतीने नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर नाही. सॉल्ट असेल तर तोही नष्ट करा.

मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असेल तर किल्ली नष्ट करणं पुरेल का? फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण नियामकाने २०१८मध्ये अशा उपायांचा परिणाम पुसण्याच्या जवळ जातो असं म्हटलं होतं, पण न्यायालयात त्यावर विसंबायला मी सांगणार नाही.

इतर चौघांनी नकार दिला तर? एका सदस्याच्या सूचनेवरून बाकीच्यांनी पुसलंच पाहिजे, असं कलम तुमच्या करारात आहे का, त्यावर ते ठरेल. करार आणि अर्जदाराचा पहिला ईमेल पाठवा, तारीख दिसेल असा.