१९५४ च्या शेव्हरोलेचा अ‍ॅक्सल कापण्याआधी जॅक लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९५४ ची शेव्हरोले ३१०० पिकअप घेतलीय, इंजिन मूळचंच २३५ सिक्स (२३५ घनइंचाचं, सहा सिलिंडरचं), पन्नास मैलांच्या वर गेलं की गाडी लेनभर हिंडते, पार्किंग करताना खांदे भरून येतात, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की पुढचा अ‍ॅक्सल कापून टाका आणि मस्टँग-टू किट (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं पुढचं सस्पेन्शन, स्टेअरिंगसकट) वेल्ड करा. मी टेक्सासमध्ये दोन्ही करून बसलोय, एका गाडीला किट लावलं, दुसरीचा अ‍ॅक्सल तसाच ठेवला, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

गाडी हिंडते हा बहुतेक वेळा अ‍ॅक्सलचा दोष नसतोच हो, सत्तर वर्षांत वेळेवर ग्रीस मारलेलं नसतं हा असतो. माझे मामा सांगलीला ट्रकची कामं करायचे, किंगपिन-बुश (ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं ती आणि तिची बुशं) हे त्यांचं रोजचं, गाडी आली की ड्रायव्हरची कहाणी नंतर, आधी जॅक. तुम्हीही तेच करा. चाक वरून-खालून धरून हलवा, खडखड आली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. (बेअरिंग बदलायचीच झाली तर टेपर रोलरची घ्या, मूळची बॉलची असतात.) मग चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे करायला लावा आणि तुम्ही खाली झोपून ड्रॅग लिंकची (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) टोकं, टायरॉड एन्ड (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) आणि मुख्य म्हणजे स्टेअरिंगचा गिअर बॉक्स बघा. माझ्या दुसऱ्या गाडीत अख्खा बॉक्सच फ्रेमवर हलत होता! बोल्ट आवळले आणि अर्धा आजार गेला, आणि तोपर्यंत मी महिनाभर किटच्या किमती बघत बसलो होतो.

बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पिळायचा मोह सगळ्यांना होतो. चाकं सरळ असतानाच पिळायचा आणि अगदी किंचित, जास्त पिळलात तर वळण संपल्यावर स्टेअरिंग परत येणार नाही आणि बॉक्स आतून खाल्ला जाईल तो वेगळाच.

आता खरी गोम कॅस्टरची, म्हणजे किंगपिनच्या कलाची. किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं पाहिजे, सायकलचा फोर्क कसा असतो तसं, म्हणजे चाक आपोआप सरळ राहायला बघतं. ही गाडी बनली तेव्हा टायर जुन्या पद्धतीचे, बायस-प्लाय (आतले धागे तिरपे) होते, आजच्या रेडियलला यापेक्षा जास्त कॅस्टर लागतो, त्यात इतक्या वर्षांत पाटे बसलेले, आणि कुणी मागची बाजू उचलली असेल तर उरलासुरला कॅस्टरही गेला. उपाय एकदम गावठी आहे: पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये दोन-तीन डिग्रीची पाचर, जाड बाजू मागे. सेंटर बोल्ट थोडा लांब घ्या, यू-बोल्ट नवेच घ्या. टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत) एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवा, मी टेपनेच मोजतो.

स्टेअरिंग जड लागतं त्याला किंगपिनखालचं थ्रस्ट बेअरिंग कोरडं पडलेलं असणं, कमी हवा आणि रुंद टायर हीच कारणं जास्त. किंगपिनचं किट स्वस्त असतं, पण जुनी पिन गंजून अडकलेली असते, तापवून प्रेसवरच काढावी लागते, आणि नवे बुश मशीन शॉपमधून रीम करून (भोक पिनच्या मापाला नेमकं करून) घ्या, घरी कानस मारत बसू नका.

ब्रेकसाठीही अ‍ॅक्सल कापायची गरज नाही, याच अ‍ॅक्सलवर बसणारी डिस्क किट मिळतात. फक्त सिंगल मास्टर सिलिंडर काढून ड्युअल (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळी लाइन देणारा) बसवा. तो फ्लोअरखालीच ठेवणार असाल तर डिस्कच्या लाइनला दोन पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) विसरू नका, नाहीतर पेडल खाली जाईल.

मग मस्टँग-टू कुणी लावायचं? ज्याला व्ही-८ टाकायचंय, गाडी खाली बसवायचीय आणि रोज हायवेवर ऐंशीने जायचंय, त्याने. मूळ डिझाइन १९७४ ते ७८ च्या फोर्ड मस्टँगचं, छोट्या गाडीचं, आजच्या किटमध्ये नावापुरतंच मस्टँग उरलंय. किटमधल्या रॅक-अँड-पिनियन स्टेअरिंगची (दातेरी दांडा सरकून चाकं वळवतो) मजा आहे, नाही म्हणत नाही. पण कामं वाढतात राव. तुमचं सिक्स ठेवायचं असेल तर क्रॉसमेंबर (किटचा आडवा तुळवा) आणि ऑइल पॅनचं जमतंय का, पुढचं माउंट कुठे घ्यायचं, ते आधी मोजा. मूळ कॉलम आणि बॉक्स एकच असल्यामुळे कॉलमही बदलायचा, मग यू-जॉइंट, आणि तीन जॉइंट लागले तर मध्ये शाफ्टला सपोर्ट बेअरिंग पाहिजेच. शिवाय जीएमचा (शेव्हरोलेच्या मूळ कंपनीचा) पॉवर स्टेअरिंग पंप फोर्डच्या रॅकला सरळ जोडला तर प्रेशर जास्त होतं, स्टेअरिंग इतकं हलकं होतं की शिंकलात तरी लेन बदलेल, तिथे प्रेशर कमी करायची सोय करावी लागते.

माझ्या किटचं वेल्डिंग मी इथल्याच एका गॅरेजला दिलं होतं. त्यांनी अ‍ॅक्सल काढण्याआधी फ्रेमवर त्याची सेंटरलाइन मार्क केली नाही, त्यामुळे चाकं फेंडरच्या कमानीत इंचभर पुढे आली, आणि रॅकही थोडा वर बसला. रॅकची आतली टोकं खालच्या आर्मच्या पिव्हटच्या रेषेत नसली की चाक खड्ड्यात वरखाली होताना स्वतःच वळतं, हात न लावता, त्याला बम्प स्टिअर म्हणतात. दोन वर्षं तशी चालवली, मग सगळं कापून पुन्हा केलं. पहिल्या वेळेइतकाच खर्च पुन्हा. तुम्ही लावणारच असाल तर अ‍ॅक्सल जागेवर असतानाच खूण करा, फ्रेम शेवटी ज्या उताराने उभी राहणार त्याच उताराने स्टँडवर ठेवा आणि क्रॉसमेंबरच्या जागी फ्रेमची रेल बॉक्स करून (उघडी बाजू पत्रा वेल्ड करून बंद) घ्या.

पण या शनिवारी फक्त जॅक आणि पाना. आधी बॉक्सचे बोल्ट, मग किंगपिन, आणि काय हललं ते कळवा.